उडालं का?

नागेश मारकडला खुर्ची लाभत नव्हती. इंदापुरात एस.टी. स्टँडसमोरच्या गाळ्यात त्याचा कॉम्प्युटर क्लास होता, म्हणजे खुर्च्या त्याच्याच होत्या, पण टायपिंग शिकायला आलेली पोरं-पोरी बसायची आणि मास्तर त्यांच्या मागून येरझाऱ्या घालायचा. संध्याकाळी आपल्या गावी, कळसला जाणाऱ्या गाडीत जागा मिळाली तरी हा दांडीला धरून उभा. जेवायला बसला तर मांडी तीनदा बदलायचा. गावातले जाणते म्हणायचे, मेंढरामागं वाढलेलं पोर आहे, बूड टेकवून बसणार कसं? जाणत्यांचं काय, त्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण रक्तात सापडतं. नागेशच्या अस्वस्थपणाचं कारण रक्तात नव्हतं. ते त्याच्या आईच्या देव्हाऱ्यात, भंडाऱ्याच्या डब्यात ठेवलेलं होतं.

ती रॉकेटची मोटर होती. अंगठ्याएवढी जाड, पुठ्ठ्याची नळी, आत ठासलेली दारू. पुण्यात एका विज्ञान प्रदर्शनात कुणी परदेशी पाहुणा मॉडेल रॉकेटं घेऊन आला होता. रॉकेट म्हणजे दिवाळीतला बाण नव्हे. ते सरळ वर जातं, वर गेल्यावर पोटातून छत्री उघडतं आणि शहाण्यासारखं खाली येतं, पुन्हा उडवता येतं. फक्त मोटर दर वेळी नवी लागते. नागेशने त्या पाहुण्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत इतकं भंडावून सोडलं की जाताना त्याने उरलेली एक मोटर आणि तिच्या जोराचा-वजनाचा तक्ता नागेशच्या हातावर ठेवला. एकच मोटर. तसली दुसरी इंदापुरात सोडा, पुण्यातही मिळायची नाही, हे नागेशने पुढे चौकशा करकरून पक्कं करून घेतलं. घरी आल्यावर आई सारजाबाईने, दमटपणा लागू नये म्हणून, ती भंडाऱ्यात खुपसून ठेवली. देवाच्या डब्याला कुणी हात लावणार नाही हा तिचा हिशेब. मोटर पिवळीधमक झाली, पण सुरक्षित राहिली, आणि नागेशच्या डोक्याला कायमचा भुंगा लागला.

कारण मोटर एकच म्हणजे उड्डाण एकच. मग उडवायचं ते काय?

चारचौघांसारखं, पेन्सिलीला मागे तीन पंख लावलेलं रॉकेट उडवण्यात त्याला रस नव्हता. तसलं कुणीही उडवेल, असं तो म्हणायचा, जणू कळसच्या माळावर रोज चार-दोन रॉकेटं उडत होती. बारामतीच्या पॉलिटेक्निकला असताना त्याने ग्रंथालयातून सूत्रांच्या झेरॉक्स काढून आणल्या होत्या. त्यावरून त्याने स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला. रॉकेटचा आकार भरायचा, प्रत्येक भागाचं वजन भरायचं, मोटरचा जोर भरायचा, वारा किती ते सांगायचं; मग कळ दाबली की काळ्या पडद्यावर हिरवी रेघ वर चढायची. रेघ सरळ गेली तर रॉकेट उडेल. रेघ पिळवटून कोलांट्या खाऊ लागली तर ते माणसांच्या अंगावर येईल. दोन वर्षं तो या रेघांमागे होता. चौकोनी अंगाचं रॉकेट त्याने पडद्यावर उडवलं, शेपटीला बांगडीसारखं कडं असलेलं उडवलं, भोवऱ्यासारखं गरगरणारं उडवलं, एकाच बाजूला पंख असलेलं पाडलं. पडद्यावर सगळा संसार थाटलेला, आणि जमिनीवर अजून पुठ्ठ्याला कात्री लागलेली नव्हती.

हा कॉम्प्युटर कुठून आला, तेही सांगायला हवं. आबाजी मारकडांची मेंढरं होती. दरसाल दिवाळी झाली की त्यांचा वाडा, म्हणजे घोड्यांवर बिऱ्हाड लादून निघालेली माणसं आणि कळप, कोकणाच्या वाटेला लागायचा आणि पाऊस तोंडावर आला की परतायचा. नागेशचं बालपण त्याच वाटेवर गेलं. शाळा तुकड्यातुकड्याने झाली, तरी पोरगं हुशार निघालं. डिप्लोमा झाल्यावर तो म्हणाला, क्लास काढतो, कॉम्प्युटर पाहिजे. आबाजींनी फार विचारलं नाही. त्यांनी कळप विकला. सगळा. शेवटचा मेंढा दुसऱ्याच्या दावणीला जाताना ते घरात जाऊन बसले आणि दुपारी जेवायलाच बाहेर आले. तेव्हापासून गावात त्या यंत्राला 'मेंढरांचा कॉम्प्युटर' असं नाव पडलं.

आबाजी ते बघायला एकदाच इंदापूरला आले. नागेशने त्यांना हिरवी रेघ चढवून दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "ह्यात समदंच उडतंय. माळावर उडलं की सांग."

त्यात टोचणी नव्हती. ते बोलायचेच तसं. पण बाप घरी दिसला की पहिला प्रश्न तोच येऊ लागला: उडालं का? आबाजींकडून तो चावडीवर गेला, चावडीवरून चहाच्या टपरीवर, आणि वर्षभरात कळसमध्ये नागेशला रामराम घालायची ती पद्धतच होऊन बसली. एस.टी.चा कंडक्टर तिकीट देताना विचारायचा, उडालं का? न्हाव्याने वस्तरा गळ्याशी आणून विचारलं. नागेश हसून 'उडल, उडल' म्हणायचा आणि आतून कढत राहायचा. लोकांच्या थट्टेचं त्याला फार नव्हतं. बापाने त्याच्यासाठी कळप विकला आणि त्या बदल्यात बापाला दाखवायला आपल्याकडे एक रेघ आहे, हे त्याला स्वस्थ बसू देत नव्हतं.

आणि बापाला जे दाखवायचं होतं, ते पडद्यावर उडत नव्हतं. खोळ.

घोंगड्याचं एक टोक दुमडून डोक्यावर घेतलं की त्याची खोळ होते. वर निमुळती, खाली पसरलेली. घाटातल्या वाऱ्यात आबाजी लहानग्या नागेशला पुढ्यात घेऊन तशा खोळीत तासन् तास उभे राहायचे. बाहेर वारा घोंगावायचा आणि आत लोकरीचा, बापाच्या घामाचा, तंबाखूचा वास. नागेशला रॉकेट करायचं होतं ते या आकाराचं. पंख नाहीत, शेपूट नाही, नुसती खोळ. पंख नसलेलं रॉकेट सरळ जाऊ शकतं, पण त्यासाठी त्याचं नाक पुरेसं जड हवं आणि ढुंगण पसरट, म्हणजे मागची हवा त्याला सरळ धरून ठेवते. त्याने उजनीच्या पाण्यावरच्या मासेमाऱ्यांकडून जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या नाकात भरायला आणल्या. कार्डशीटचे भाग कापायच्या आधी त्याने कागद, शिसं, छत्रीचं कापड, दोरा सगळं निमगाव केतकीच्या अप्पा सोनाराकडे वजन करून आणलं होतं, कारण इतकं बारीक वजन करणारा तराजू आणखी कुणाकडे असणार? आकडे भरले, कळ दाबली. खोळ बोटभर वर गेली आणि उलटी झाली. त्याने टोक लांबवलं, घेर वाढवला, वारा शून्य केला. दर वेळी उलटी. नाकात आणखी शिसं घालावं तर मोटरीला ते वजन पेलायचं नाही. खोळ थोडक्यात हुकत होती, आणि थोडक्यात हुकणारी गोष्ट माणसाला जास्त छळते.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीआधी आबाजींनी घरात सांगितलं की ते कोकणात निघालेत. सिद्धू देवकाते नावाचा त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान माणूस, त्याचा मोठा वाडा होता, त्याला मेंढरांमागे जुना माणूस हवा होता. सारजाबाई भांडल्या. स्वतःची मेंढरं इकून दुसऱ्याची राखायला जायचं का, या वयात, असं त्यांनी तोंडावर विचारलं. आबाजी म्हणाले की घरात बसून पाय सुजतात. नागेशने ऐकलं. त्याला कळत होतं की खुर्ची नुसती त्यालाच लाभत नव्हती. बापालाही लाभत नव्हती, आणि बापाचं हिंडणं त्यानेच विकायला लावलं होतं.

"वाडा माळावरनं निगतुय," आबाजी त्याला म्हणाले. "उडतंय का ते बघून जातू."

आता मुदत आली. पेन्सिलीसारखं तीन पंखांचं रॉकेट दोन दिवसांत झालं असतं आणि हमखास उडालं असतं. नागेशने ते पडद्यावर चढवून पाहिलंही. रेघ सुतासारखी सरळ. पण बाप म्हणाला असता, हे तर जत्रेतला बाण. त्याला ते सहन झालं नसतं. क्लासमधल्या पोरांना सुट्टी देऊन तो कात्री घेऊन बसला आणि त्याने खोळच कापली. दोन वर्षांत पहिल्यांदा भाग एकमेकांना चिकटले. टोकात शिसं बसलं, छत्री घडी होऊन आत गेली. शेवटी सारजाबाईंकडून मोटर मागून घेऊन त्याने ती जागेवर बसवली, आणि आख्खं रॉकेट एका दोऱ्याला टांगून तोलून बघितलं. दोरा मागेपुढे सरकवत ते जिथे आडवं स्थिर राहील, तो त्याच्या वजनाचा मध्य.

मध्य पडद्यावर दाखवत होता तिथे नव्हता. चांगला पुढे होता, नाकाकडे.

असं होऊ नये. वस्तू तीच, गणित तेच. त्याने दोरा बदलला, पुन्हा टांगलं. पुन्हा पुढेच. म्हणजे एक तर दोरा खोटा बोलत होता किंवा पडदा, आणि दोऱ्याला खोटं बोलण्याचं काही कारण नव्हतं. राहता राहिला पडद्याला आकडे पुरवणारा सोनाराचा तराजू. नागेश तडक निमगावला निघाला. गाडीत उभा राहून, अर्थात.

बाजाराचा दिवस होता. अप्पा सोनाराच्या दुकानात त्याच्या आधीच एक भांडण पोचलेलं होतं. गोजरबाई नावाची म्हातारी आपली पुतळ्यांची माळ पुढ्यात आपटून बसली होती. तिचं म्हणणं, माळ बारामतीच्या दुकानात सात तोळे भरली, आणि अप्पाकडे सहा. मधला तोळा कुठं गेला ते अप्पाने सांगावं, नाही तर ती आख्ख्या बाजाराला सांगेल. अप्पा कपाळावर हात मारून घेत होते. ते तिला तिसऱ्यांदा समजावत होते की त्यांची वजनं आज्याच्या वेळची पितळी आहेत, जुन्या तोळ्याची. आताचे लोक सोयीसाठी दहा ग्रॅमला तोळा म्हणतात. जुना तोळा साडेअकराच्याही वर जातो.

"म्हंजी सोनं तेवडंच हाय?" गोजरबाईने विचारलं.

"तेवडंच हाय. तोळा न्हाना झाला."

म्हातारीला हे मुळीच पटलं नाही. तोळा लहान होतो म्हणजे काय, तो काय साबण आहे, असं ती पुटपुटत राहिली. नागेशला मात्र लख्ख पटलं. अप्पा तोळ्या-माशांत वजन सांगायचे आणि हा शहाणा दर तोळ्याला दहा ग्रॅम धरून आकडे भरत आला होता. पुठ्ठा हलका, शिसं हलकं, सगळंच खरं होतं त्याहून हलकं. एकट्या मोटरीचं वजन तेवढं परदेशी तक्त्यातलं, ग्रॅममध्ये, बरोबर. म्हणून पडद्यावरच्या खोळीचं ढुंगण कायम जड राहिलं आणि ती बिचारी दोन वर्षं उलटी होत राहिली. तराजू खोटा नव्हता, प्रोग्रॅम खोटा नव्हता, गोजरबाईसुद्धा खोटी नव्हती. कुणाशी भांडावं तेच नागेशला कळेना. तो तसाच इंदापूरला गेला, आकडे दुरुस्त केले आणि कळ दाबली. खोळ वर गेली. आधीच्या रॉकेटांइतकी उंच नाही, पण सरळ, डौलात. गाळ्यात कुणी नव्हतं म्हणून बरं. मास्तर त्या दिवशी खुर्चीत बसून रडला.

वाडा निघायच्या सकाळी कळसच्या माळावर जत्रा भरल्यासारखी माणसं होती. अर्धी वाड्याला निरोप द्यायला आलेली, अर्धी 'उडालं का' बघायला. घोड्यांवर बिऱ्हाडं चढली होती. एका घोड्यावर कोंबड्यांची डालगी, एकावर कुत्र्याची दोन पिल्लं. सिद्धूचा कळप माळभर पांगून चरत होता आणि त्याच्या कडेला आबाजी काठीवर हनुवटी ठेवून उभे होते. डोक्याला नवं पागोटं, खांद्यावर घोंगडं. दोन वर्षांत बाप इतका ताठ उभा नागेशने पाहिला नव्हता.

नागेशने सळई रोवली, तिच्यावर खोळ चढवली. ट्रॅक्टरची बॅटरी लांब ठेवून तारा ओढल्या. त्याने एकूण एक गोष्ट तपासली. वारा मावळतीकडून होता, तेवढी सळई कलती केली. माणसांना मागे रेटलं. उन्हाची तिरीप बापाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून आबाजींना चार पावलं सरकवून उभं केलं, आणि सांगितलं की आबा, सळईवरनं नजर हलवू नका, लई झटकन जातंय. आबाजींनी मान डोलावली. डोळ्यांवर हाताची झापड धरून ते सळईकडे बघत राहिले, एखाद्या आज्ञाधारक पोरासारखे. सारजाबाईंनी लांबूनच हात जोडले. नागेशने कळ दाबली.

फाडकन आवाज झाला. सळईपाशी क्षणभर पिवळा धुरळा दिसला, मोटरीला लागलेला भंडारा असणार, आणि खोळ गेली. सरळ गेली. पंख नाही, शेपूट नाही, नुसतं एक काळं टोक आभाळात शिरत गेलं. अख्ख्या माळाच्या माना वर झाल्या. वर, चिमणीएवढं दिसावं इतक्या उंचीवर, ते थबकलं, लाल कापडाची छत्री उघडली आणि खोळ डुलत डुलत खाली येऊ लागली. कंडक्टर पाठ थोपटत होता. न्हावी म्हणाला की आता आपण विचारायचं तरी काय. नागेशचे पाय पहिल्यांदाच जागच्या जागी थांबले. तो बापाकडे वळला.

बाप तिथे नव्हता.

त्या आवाजाने मेंढरं उधळली होती. आख्खा कळप एका अंगाने कालव्याकडे सुटला होता आणि पागोटं कुठेतरी पाडून आबाजी त्यांच्या पुढे जायला धावत होते. पाठ इकडे. नागेशने वारा धरला होता, ऊन धरलं होतं, तोळा-मासा धरला होता. मेंढरं धरली नव्हती. धनगराचा पोर, मेंढरांच्या पोटाशी झोपून मोठा झालेला, आणि मेंढरू बुजतं एवढं त्याला आठवलं नाही. स्वतःची असती तर आबाजींनी कदाचित एक नजर वर टाकली असती. पण ती दुसऱ्याची होती, कालवा भरून वाहत होता, आणि आबाजींनी एकदाही मान वळवली नाही. म्होरक्या मेंढा त्यांनी कालव्याच्या काठावर शिंगाला धरून फिरवला, तेव्हा कळप थांबला. तोवर खोळ बाभळीवर येऊन टेकली होती.

आबाजी परतले ते धापा टाकत. तळपायात काटा घुसला होता, तरी तोंड फुललेलं. सिद्धूने त्यांना पागोटं आणून दिलं आणि म्हातारबा अजून पळतोय असं चारचौघांत म्हणाला. ते त्यांना आवडलं. मग ते नागेशपाशी आले, आणि गावभर ज्या प्रश्नाचा खेळखंडोबा झाला होता तो त्यांनी अगदी मनापासून विचारला.

"उडालं का?"

"उडालं, आबा."

"व्हय, उडाल्याबिगर मेंढरू उगंच न्हाय उधळत." त्यांनी बाभळीवरून काढून आणलेली खोळ हातात घेतली, फिरवून बघितली. मग खांद्यावरचं घोंगडं चाचपलं आणि हसले. त्यांना आकार ओळखू आला होता. बुडाशी जळकी दारू, आत थोडी हळद. त्यांनी वास घेतला. ती खोळ त्यांनी घोंगड्यात गुंडाळली. कोकणात जिथं जिथं तळ पडेल तिथल्या लोकांना दाखवीन, म्हणाले.

नागेशला खूप बोलायचं होतं. तुमच्यासाठी केलं आणि तुम्हीच बघितलं नाही, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. घोडी हलली. आबाजींनी काठी उचलली आणि जाता जाता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"पुढल्या साली मेंढरं लांब ठिवू," ते म्हणाले. "मग उडीव परत. मला बघायचंय."

तसली मोटर आता कुठेच नव्हती. हे बापाला माहीत नव्हतं, आणि त्याच्या तोंडाकडे बघून सांगायची नागेशची छाती झाली नाही.

"व्हय आबा," तो म्हणाला. "पुढल्या साली."

कळप हलला तशी धूळ उठली. आबाजी कळपाच्या मागून चालत होते, काटा काढला नसल्यामुळे जरा लंगडत. माळ संपतो तिथे ते थांबले, हाताची झापड डोळ्यांवर धरून त्यांनी एकदा वर आभाळाकडे, जिथे काहीच नव्हतं तिथे, बघून घेतलं आणि मग मेंढरांना हाक देत पुढे निघाले.